अकरा दिवसांचं शास्त्रोक्त दुर्लक्ष

पोंभुर्णा,
ता. १४ डिसेंबर १९८६, रविवार

ती. सत्यशीलाबाईस,

धाकट्या सोमाजीचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही चौघंही खाऊनपिऊन, हिंडूनफिरून बरे आहोत. तुझा उजवा गुडघा काय म्हणतो ते कळव. (मागच्या पत्रात तू डावा लिहिला होतास. दोन्ही असतील तर दोन्ही कळव, संकोच करू नको.) भाऊजींचा खोकला कसा आहे? राइस मिलच्या कोंड्यात दिवसभर उभं राहायचं तर तोंडाला दुपट्टा बांधावा, असं मी मागेही लिहिलं होतं. पण धाकट्या मेव्हण्याचं कोण ऐकतं, तेही मास्तर असलेल्या मेव्हण्याचं.

तुझं पत्र गुरुवारी पोचलं. मूल गावच्या एस.टी.वरचा मुखरू कंडक्टर सासुरवाडीला वडस्याला आला आणि त्याने तुझ्या अंगणात उभं राहून सांगितलं, की तुझा भाऊ पागल झाला आणि पोटच्या पोरीशी अकरा दिवस बोलला नाही. आणि तू ते चार बायांच्या देखत ऐकून घेतलंस. बाई, त्यातला अकरा हा आकडा बरोबर आहे. पागल हा शब्द मुखरूचा. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही पूर्ण वाक्य ऐकलं नाही (घंटी मारायची घाई), त्याच्याकडून तू भावाची बातमी घ्यावीस याचं वाईट वाटलं. म्हणून खरं काय झालं ते सगळं क्रमाने लिहितो. पत्र लांबेल. चष्मा लावून वाच, आणि भाऊजींना वाचून दाखवताना मधलं गाळू नको.

सुरुवात जूनमध्ये झाली. तू येऊन बारशाला पोराचं नाव अश्वघोष ठेवून गेलीस. (नाव उत्तम आहे. पण इथे ते कोणाच्या तोंडात मावत नाही, सगळे त्याला बाबूच म्हणतात.) तू गेल्यावर महिनाभर घरात पाहुण्यांची रीघ होती. येणारा प्रत्येक माणूस सरळ पाळण्याकडे जायचा, वाकायचा, नाक कोणासारखं आणि कान कोणासारखे यावर अर्धा तास बोलायचा आणि चहा पिऊन निघायचा. उत्पला दाराशी उभी असायची. तिच्या नाकाविषयी साडेसहा वर्षांत जे बोलायचं ते बोलून झालं होतं. आता ती दुसरीत आहे, माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात. म्हणजे दिवसभर मी तिचा गुरुजी आणि बाकीचा वेळ तिचा बाप. हिशेबाने पाहता मी पोरीला चोवीस तास मिळायला हवा होतो. पण गुरुजी एक्केचाळीस पोरांत वाटला जायचा, बाप पाळण्यापाशी बसायचा, आणि तिच्या वाट्याला मी वरणातल्या जिऱ्याएवढा यायचो. हे मला आता कळतं. तेव्हा मी फक्त एवढंच पाहिलं, की पोरगी लंगडू लागली.

लंगडणं फक्त पाहुण्यांसमोर असायचं. पाळण्यावरून कोणी मान वर केली की ही समोरून एक पाय ओढत जायची. विचारलं तर काही नाई म्हणायची, आणि ते इतक्या सोशिक आवाजात म्हणायची, की बाया हळहळायच्या. शेजारच्या कमरजहाँआपांनी (तुला आठवत असतील, बांगड्या-मण्यांची पेटी घेऊन फिरतात, त्यांचे मालक जाफरभाई बाजारात घड्याळं दुरुस्त करतात) चार दिवस पाहिलं आणि मला म्हणाल्या, "मास्तर, सकाळी डावा पाय, दोपारी उजवा. तुमची पोट्टी लई मेहनत करून राह्यली." मी हसण्यावारी नेलं. मग ऑगस्टमध्ये शाळेत प्रार्थनेच्या वेळी तिला चक्कर येऊ लागली. चक्कर येण्याआधी ती पडायची जागा हाताने झाडून घ्यायची, फ्रॉक सारखा करायची, आणि मग पडायची.

सप्टेंबरात तिने जे केलं ते तुझ्याशी संबंधित आहे, म्हणून लपवत नाही. तिने वर्गात सांगितलं, की मी इथली नाहीच, वडस्याच्या आत्याची पोरगी आहो, धानाचा हंगाम सरला की आत्या मले न्यायला येणार आहे. दोन दिवसांत गावातल्या तीन बाया अंजनाकडे येऊन गेल्या. एक म्हणाली, "बाई, दत्तक घेतलेल्या पोरीले बी आपली समजून वाढवा, पुण्य लागते." अंजनाने किती वेदना सोसून त्या पोरीला जन्म दिलाय हे तुला ठाऊक आहे, तू तिथे होतीस. ती त्या बाईला काही बोलली नाही. संध्याकाळी मला पुष्कळ बोलली.

अशा वेळी माझ्या आयुष्यात शास्त्र आलं. चंद्रपूरला शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर झालं, त्यात एक तास नागपूरहून आलेल्या प्राध्यापकांनी बालमानसशास्त्रावर घेतला. (त्यांचं नाव लिहीत नाही. माणूस सज्जन आहे, आणि पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नाही.) ते म्हणाले, मूल जे करतं ते लक्ष वेधण्यासाठी. लंगडणं, चक्कर, खोटं बोलणं, सगळं त्याच एका भुकेपायी. तेव्हा अशा वर्तनाकडे पूर्ण दुर्लक्ष करावं, म्हणजे ते आपोआप मावळतं. सुरुवातीला ते वाढेल. वाढलं तर समजावं, औषध लागू पडतंय. बाई, मी अंगावर काटा येऊन ऐकत होतो. माझ्या पोरीला न पाहता हा माणूस तिचा पाय, तिची चक्कर, सगळं सांगत होता. मी बावीस पानं टिपणं काढली. दोनशे शिक्षकांत एवढी कोणीच काढली नाहीत. शेजारचे गुरुजी तर घोरत होते.

परत आलो तो मी विद्वान होऊनच. दिवाळीची सुट्टी संपली तशी शाळेत पालकसभा बोलावली. धानकापणीचे दिवस, त्यामुळे सातजण आले, त्यांतले चार चहासाठी. तरी मी पाऊण तास बोललो. खडूने फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'दुर्लक्ष हेच औषध' लिहिलं. सांगितलं, की पोरगं ओरडलं, रडलं, धावत येऊन काही सांगू लागलं, तर तिकडे पाहू नका. आभाळाकडे पाहा. सभेत पहिल्या बाकावर डोमा बसला होता. त्याची दोन पोरं माझ्या शाळेत आहेत. डोमा शब्दाचा पक्का माणूस. दुसऱ्याच दिवशी त्याचा धाकटा बांधावरून ओरडत आला, की बा, आपला बैल सुटला. डोमा आभाळाकडे पाहू लागला. पोरगं तीनदा ओरडलं. डोमा ठाम राहिला. तोवर बैलाने शेजाऱ्याच्या खळ्यावरच्या धानात मान घातली ती संध्याकाळीच वर काढली. डोमा शाळेत आला आणि शांतपणे म्हणाला, "गुर्जी, आभाळात तं काई नोहतं." मी त्याला समजावलं, की हा नियमाचा दोष नसून बैलाचा अपवाद आहे. त्याने डोक्याला दुपट्टा गुंडाळला. मग गेला.

त्याच आठवड्यात मी घरी प्रयोग सुरू केला. नवी वही घेतली, वर 'निरीक्षणे' असं लिहिलं आणि अंजनाला नियम सांगितले. पोरीने उचापत केली की तिच्याकडे पाहायचं नाही, तिला उत्तर द्यायचं नाही. अंजना म्हणाली, "आन् उचापत नाई केली तं?" मी म्हटलं, तेव्हाचं नंतर पाहू. ती म्हणाली, "मले नाई जमत असलं. मी माय आहो तिची." म्हणून शास्त्राचा सगळा भार एकट्या माझ्यावर आला. (पण बाई, उचापत आणि साधं बोलणं यात फरक करायचा तर पोरीकडे पाहावं लागतं, आणि पाहायचं तर नाही. म्हणून मी सरसकट सगळ्याच गोष्टींकडे दुर्लक्ष केलं. हे सोपं पडतं.)

पहिल्या दिवशी ती लंगडली. मी वह्या तपासत राहिलो. दुसऱ्या दिवशी दोन्ही पायांनी लंगडली, जे सोपं नाही. चौथ्या दिवशी ती घराच्या कवेलूंच्या छपरावर चढली. तिथून हाका मारत होती, "बाबा, पाह्य ना. बाबा, मी कुठी आहो सांग." मी अंगणात खुर्ची टाकून गणिताच्या वह्या घेऊन बसलो होतो. कवेलूचा एक तुकडा वहीवर पडला. मी तो बाजूला केला आणि बेरजेवर बरोबरची खूण केली. दुसरा तुकडा शाईच्या दौतीवर पडला. तेवढ्यात अंजना बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली, शिडी लावून तिला उतरवलं, आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेची नोंद मी वहीत केली नाही. वहीत लिहिलं : 'वर्तन वाढले आहे. औषध लागू पडत आहे.'

पाचव्या दिवसाचं सांगताना हात जड होतो. शाळा घरापासून तीन किलोमीटर, मधला रस्ता जंगलातून. मी सायकलवर, ती मागे कॅरिअरवर, असं आमचं रोजचं जाणं. त्या दिवशी ती मागून काहीबाही बोलत होती, मी नियमाप्रमाणे पुढे पाहत होतो. सागाच्या वळणावर सायकल थोडी हलकी वाटली. मला वाटलं, चढ संपला. शाळेत पोचलो, सायकल भिंतीला लावली, आणि कॅरिअर रिकामं. बाई, त्या रस्त्याला जनावर असतं. गेल्या वर्षी तिथूनच एक कालवड नेली. मी तीच सायकल उलटी फिरवून सुटलो. दोन शेतं ओलांडली तोच समोरून डोमाची बैलगाडी आली. वर धानाच्या तणसीच्या ढिगावर ही बसलेली, हातात पेरू. डोमाने गाडी थांबवली आणि म्हणाला, "गुर्जी, ही रस्त्यात भेटली. म्हणे, बाबाले पाह्यत होती, वापस येते का." एवढंच. पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी नियम आठवला आणि सायकलची घंटी पुसू लागलो. डोमाने आभाळाकडे पाहिलं. ते माझ्या सभेत शिकला म्हणून नव्हे, हे मला तेव्हाही कळलं.

सातव्या दिवशी आमचे विस्तार अधिकारी न सांगता तपासणीला आले. मधली सुट्टी होती. मी दोन बाकं जोडून पाच मिनिटं पाठ टेकली होती. (कमरेचं दुखणं आपल्या घराण्यातलं, तुला सांगायला नको.) उत्पला धावत आली. "बाबा, साहेब आला." मी डोळे मिटलेलेच ठेवले. "बाबा, फटफटीवर आला." मी शांत. "बाबा, त्यायनं जोडे काढले. बाबा, ते तुयाकडेच पाह्यत हाये." मला मनातून आनंद होत होता, की वर्तन किती झपाट्याने रंगत चाललंय, तपशील किती सुंदर येतायत. डोळे उघडले तेव्हा साहेब भेटबुकात लिहून सही करत होते. शेरा असा : 'शिक्षक निद्रिस्त. विद्यार्थिनी कर्तव्यदक्ष.' वर म्हणाले, "मुलगी कोणाची?" मी सांगितलं. म्हणाले, "वाटत नाही."

आणि मग आठव्या दिवशी ती गप्प झाली. लंगडणं नाही, चक्कर नाही, हाक नाही. शाळेत कोपऱ्यात बसायची, घरी आली की भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी जिंकलो होतो. बाजारात चहाच्या टपरीवर दोघांना सांगितलं, तिसऱ्याने विचारलं नव्हतं तरी त्यालाही सांगितलं. प्राध्यापकांना चार पानी पत्र टाकलं, की आपला सिद्धांत पोंभुर्ण्याच्या जंगलात सिद्ध झाला असून प्रयोगाचा वृत्तांत कुठे छापता येईल काय. अंजना म्हणाली, पोरीला सर्दी आहे, जेवत नाही. मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, सगळ्यांनाच सर्दी असते.

अकराव्या दिवशी बाजार होता. सकाळी कमरजहाँआपा पेटी घेऊन निघाल्या होत्या, त्या आमच्या ओट्यावर थांबल्या. उत्पला पायरीवर बसली होती. आपांनी तिची हनुवटी वर केली, वास घेतला, पेटी खाली ठेवली आणि आत येऊन म्हणाल्या, "मास्तर, पोट्टीचं एकच नाक वाहून राह्यलं. सर्दी दोन्ही नाकाची असते. अंदर काई तरी हाय." मी म्हटलं, आपा, हे लक्ष वेधण्याचे प्रकार आहेत, मी यावर अभ्यास केलाय. आपा माझ्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी पोरीला उचललं आणि दवाखान्याकडे चालू लागल्या. अंजना बाळाला घेऊन मागे. मी पायजम्यावरच मागे.

रस्ता भरबाजारातून. दुकानातून जाफरभाई डोळ्याला भिंग तसंच ठेवून बाहेर आले, नाकात डोकावले आणि म्हणाले, "हिरवं दिसते काई. पर मी घड्याळवाला, हात नाई लावत." एवढं ऐकायला दहाजण थांबले, दहांचे तीस झाले. मिरच्यावाल्या बाया मिरच्या सोडून आल्या. दवाखान्याच्या दाराशी पोचेस्तोवर निम्मा बाजार आमच्यामागे. बाई, ज्या पोरीने पाच महिने लोकांनी आपल्याकडे पाहावं म्हणून दोन्ही पायांनी लंगडून दाखवलं, तिच्याकडे त्या दिवशी अख्खं पोंभुर्णा पाहत होतं. आणि ती आपांच्या खांद्यावरून हात लांब करून माझ्याकडे यायला पाहत होती. मी घेतली. तिने माझ्या सदऱ्यात तोंड लपवलं. अंग तापलेलं होतं. माझ्या छातीला ते चटके तेव्हा लागले.

डॉक्टरीणबाई तरुण, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी बॅटरी लावून पाहिलं. म्हणाल्या, मणी आहे, बऱ्याच दिवसांचा, आतून सूज आहे. चिमट्याने ओढायला गेलं तर आणखी आत जाईल, मग चंद्रपूरला न्यावं लागेल. पण त्याआधी एक करून पाहू. "घरच्यांपैकी कोणाला ती घाबरत नाही?" अंजना पुढे झाली. पोरगी म्हणाली, "बाबा." डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, की पोरीच्या तोंडावर आपलं तोंड घट्ट लावायचं, मोकळ्या नाकपुडीवर बोट दाबायचं आणि एक जोराची फुंकर मारायची. मी विचारलं, एवढंच? त्या म्हणाल्या, एवढंच, पण ती हलता कामा नये, आणि न हलण्यासाठी तिचा तुमच्यावर विश्वास पाहिजे. खोलीत आपा होत्या, अंजना होती. कोणीही त्यावर काही बोललं नाही, हे त्यांचे उपकार.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. अकरा दिवसांनी तिचे डोळे पाहिले, तेही दोन बोटांच्या अंतरावरून. ती म्हणाली, "दुखन का?" मी म्हटलं, "थोडंसं." खोटं बोललो नाही म्हणून असेल, ती हलली नाही. पहिल्या फुंकरीला काही झालं नाही. दुसऱ्या फुंकरीला थोडं रक्त आलं. तिसऱ्या फुंकरीला मणी सुटून माझ्या गालावर आदळला आणि खाली फरशीवर गडगडत गेला. हिरवा, काचेचा, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. आपांच्या पेटीतला. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, ताप दोन दिवसांत उतरेल म्हणाल्या. तो तसाच उतरला.

परत येताना मी तिला विचारलं, बेटा, नाकात काऊन घातला? म्हणाली, "तू काढतो का नाई ते पाह्यलं." मग सांगितलं काऊन नाई? म्हणाली, "सांगतलं होतं." मी म्हटलं, केव्हा? म्हणाली, "तू वह्या तपासून राह्यला होता."

घरी येऊन निरीक्षणांची वही उघडली. तिसऱ्या दिवसाचं पान मी वर तुझ्यापासून लपवलं, ते आता जसंच्या तसं लिहितो : 'दिवस तिसरा. सायंकाळी नाकात मणी गेल्याची बतावणी. रडून दाखविले. पूर्ण दुर्लक्ष केले. परिणाम उत्तम.' अक्षर माझंच आहे, वळणदार आहे. खाली दुहेरी रेघ मारली आहे. बाई, मी तुला एवढ्या वर्षांत कधी काही मागे ठेवून लिहिलं नाही, म्हणून हेही लिहिलं. भाऊजींना वाचून दाखवताना हा एक परिच्छेद गाळलास तरी चालेल.

त्यानंतरच्या मंगळवारी प्राध्यापकांचं कार्ड आलं. एकच ओळ : 'आपण तासाच्या पूर्वार्धात उपस्थित होता काय?' मी घोरणाऱ्या गुरुजींना त्यांच्या शाळेत जाऊन गाठलं. (ते घोरत होते, पण पहिल्या अर्ध्या तासानंतर.) त्यांच्या वहीत अर्धं पान होतं. त्यावर लिहिलं होतं, की मुलाकडे त्याने न मागताही, एरवी, भरपूर लक्ष द्यावं; तसं दिलं असेल तरच उचापतीकडे केलेलं दुर्लक्ष उपयोगी पडतं, नाहीतर ते नुसतं दुर्लक्षच. प्राध्यापक हे सांगत होते तेव्हा मी चहाच्या रांगेत होतो. रांग मोठी होती.

मग मी सुधारलो, तोही माझ्याच पद्धतीने. चार दिवस मी पोरीवरची नजर काढली नाही. जेवताना पाहिलं, झोपताना पाहिलं, ती दात घासताना समोर उभा राहिलो. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, जरा तिकडे पाह्य ना." अंजना म्हणाली, एक तर बैल सोडता, नाहीतर त्याच्या पाठीवरच बसता. तिने मग सरळ सांगितलं : रोज शाळेतून येताना पंधरा मिनिटं तळ्यावर थांबायचं, वही न्यायची नाही, आणि काही शिकवायचं नाही. बाळाला तेल लावायचं काम तिने पोरीला दिलं. आता पाहुणे आले की उत्पलाच सांगते, नाक कोणासारखं आहे ते. कधीकधी ती लंगडते अजून. परवा ग्रामसेवक आले तेव्हा लंगडली. मी म्हटलं, आज कोणता? म्हणाली, "डावा." आणि खेळायला पळाली.

डोमाला जाऊन भेटलो. माफी मागायचं मनात होतं. तो म्हणाला, "बसा गुर्जी," आणि पोराला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. पोरगं पाणी आणताना काही तरी लांबलचक सांगत होतं, कुठल्याशा खेकड्याबद्दल. डोमाने ते पूर्ण ऐकलं. मीही ऐकलं. जाफरभाई मात्र गिऱ्हाइकांना सांगतात, की मणी आपणच आधी पाहिला. ते खरं आहे. आपा काही सांगत नाहीत, त्यांनी फक्त पेटीला कुलूप घेतलं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मुखरूच्या सासुरवाडीला हे पत्र मुळीच दाखवू नको.

तुझा धाकटा भाऊ,
सोमाजी उराडे

ता. क. : खरं तर एका छोट्या कामासाठी लिहायला बसलो होतो. तुमच्या वडस्याला सध्या नाटकांचा हंगाम आहे. दोन-तीन हजार माणूस मंडपात बसतं असं ऐकतो. भाऊजींची एखाद्या नाटक मंडळाच्या व्यवस्थापकाशी ओळख असेलच. नाटक सुरू होण्याआधी, पडदा उघडायच्या आत, मला फक्त वीस मिनिटं (पंचवीस) मिळाली तर 'बालकांचे हट्ट : एका पित्याचे अनुभव' या विषयावर बोलेन. ध्वनिक्षेपक लागेल. पत्रकावर नाव छापलं तर नायिकेच्या खाली चालेल, पण विनोदी पात्राच्या वर असावं. शाल मी घरून आणीन, कोणाच्या तरी हाताने खांद्यावर घालायची तेवढी व्यवस्था व्हावी.

ता. क. २ : फोटोवाला असल्यास उत्तम.

बाई, जयभीम. मी अंजना. यायनं हे पत्र मले दोनदा वाचून दाखवलं आन् आपाले एकदा. बाकी सगळं खरं हाये. एकच लिहिलं नाई. मणी निघाला तवा पोरगी हासली, आन् हे रडले. डॉक्टरीणबाईच्या खोलीत नाई, बाहेर येऊन, बाजाराच्या मधोमध, साऱ्या लोकायसमोर. मिरच्यावाल्या बायायनं पाणी देलं. मी अकरा दिवस राग धरला होता, तो तिथंच गेला. ते भाषणाचं तुमाले जमत असन तं पाहा. नाई म्हटलं तं अजून मोठ्यानं करतीन. गुडघ्याले निर्गुडीचा पाला बांधा. — अंजना

आत्या बाबानं पत्रात माझ्यासाठी जागाच नाई ठेवली. आईनं हा कोपरा देला. मी बरी आहो. तू ये. बाबाच्या भाषणासाठी नोको येऊ. मले पाह्याले ये. उत्पला सोमाजी उराडे इयत्ता दुसरी